स्वित्झर्लंडमध्ये नेट का गेलं आणि ओटीपी का आला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

'तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे' असं तुम्ही लिहिलंयत, म्हणून काकाच म्हणते. परदेशी जाताना मोबाइलचा डेटा प्लॅन कसा निवडावा, हा माझा लेख वाचून तुम्ही आणि काकूंनी युरोप सहलीसाठी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता नेटवरून फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम, घेतलं. जर्मनीतून स्वित्झर्लंडमध्ये शिरल्यावर दोघांचंही नेट तीन दिवस बंद राहिलं. त्यातच ल्युसर्नला काकू ग्रुपच्या मागे राहिल्या आणि लाकडी पुलापाशी पाऊण तास एकट्या उभ्या होत्या. क्रेडिट कार्डाचं बिल भरायला बसलात तर बँकेचा ओटीपी आला नाही. 'चार पैसे वाचवायच्या नादी लोकांना लावू नका, इथूनच रोमिंग पॅक घ्यावा आणि निवांत जावं,' असं शेवटी तुम्ही म्हटलंयत.

काकूंचं वाचून मला फार वाईट वाटलं. अनोळखी गाव, भाषा कळत नाही, हातातला फोन मुका. त्यांची मनापासून माफी मागते.

स्वित्झर्लंडची चूक सर्वस्वी माझी. 'युरोपचं एक ई-सिम घेतलं की सगळ्या युरोपात चालतं' असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. 15 जून 2017 पासून युरोपीय संघात रोमिंगचे जादा पैसे लावणं बंद झालं. फ्रान्सचं सिम इटलीत, ठरावीक मर्यादेत, घरच्याच दरानं चालतं. हा नियम संघातले 27 देश आणि सोबत नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन यांना लागू आहे. स्वित्झर्लंड त्यात नाही. तिथे डेटा द्यायचा की नाही हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर. ब्रिटननं संघ सोडला, तेव्हापासून त्याचीही तीच गत. आणि आपल्याकडच्या सहली बहुतेक लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड अशाच आखलेल्या असतात! म्हणजे 'युरोप' या नावावर विसंबून चालत नाही. प्लॅनखाली देशांची यादी असते, ती उघडून आपल्या सहलीतला एकेक देश बोट ठेवून शोधावा लागतो. शाफहाउझेनच्या धबधब्यापाशी नेट येत-जात होतं, असं तुम्ही लिहिलंयत. जर्मनीची हद्द तिथून काही किलोमीटरवरच आहे, त्यामुळे फोनला अधूनमधून जर्मन टॉवर सापडत असणार. पुढे ल्युसर्नला तोही आधार उरला नाही.

ओटीपीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे माझ्या एका शब्दानं घोटाळा केला. 'निघताना भारतातल्या सिमचं रोमिंग बंद ठेवा' असं मी लिहिलं आणि तुम्ही अख्खं सिमच बंद केलंत. तुमचं काही चुकलं नाही. आपण 'रोमिंग' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक म्हणजे कंपनीकडून चालू करून घ्यायची आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा. ती असेल तरच आपलं सिम परदेशी टॉवर पकडतं, आणि टॉवर पकडला तरच एसएमएस येतो. दुसरी म्हणजे फोनच्या सेटिंगमधलं 'डेटा रोमिंग' हे बटण. ते बंद ठेवलं की त्या सिमवरून नेट वापरलं जात नाही आणि बिलाचा भुर्दंड पडत नाही. पहिली गोष्ट चालू हवी, दुसरी बंद. मी हे नीट फोड करून लिहायला हवं होतं.

माझ्या बाबांना बहिणीकडे पाठवताना आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून हे केलं होतं. आधी घरच्या वायफायवर ई-सिम उतरवून घेतलं, कारण तिकडे विमानतळावर पोचून नेट नसताना ते उतरवायचं कसं, हा प्रश्न पडतो. क्यूआर कोड बाबांच्याच फोनवर आला होता. तो माझ्या फोनवर पाठवून पडद्यावर उघडला आणि बाबांच्या फोननं स्कॅन केला. मग फोनमध्ये दोन्ही सिमना नावं दिली, एकाचं 'घर', दुसऱ्याचं 'प्रवास'. 'घर'वर कॉल आणि एसएमएस, डेटा रोमिंग बंद. 'प्रवास'वर डेटा, रोमिंग चालू. आणखी एक बटण शोधून बंद केलं. एका सिमचं नेट कमजोर झालं की फोन आपणहून दुसऱ्या सिमवर उडी मारतो, ते हे बटण. आयफोनमध्ये त्याला मोबाइल डेटा स्विचिंग म्हणतात. तुम्हीही तेवढं पाहून घ्या. बाबांना एकच बजावलं: नेट गेलं तरी घाबरून ई-सिम डिलीट करायचं नाही. पुष्कळ कंपन्यांचा कोड एकदाच चालतो, डिलीट केलं की पैसे गेले.

काकूंच्या त्या पाऊण तासाबद्दल मी खूप विचार केला. नेट नव्हतं म्हणून व्हॉट्सॲप कॉल लागला नाही. पण दोघांचीही भारतातली सिम जागी असती, तर काकूंनी तुम्हाला साधा फोन लावला असता. मिनिटाला शंभरेक रुपये गेले असते तरी ते त्या वेळी महाग नव्हते. डेटा कुठूनही घ्या, पण आपला इथला नंबर तिथे जागा राहिला पाहिजे. हे वाक्य माझ्या लेखात पहिल्या ओळीत असायला हवं होतं आणि ते कुठेच नव्हतं.

आता तुमच्या शेवटच्या मुद्द्याकडे येते. आठ-दहा दिवसांची सहल, दोघंही ज्येष्ठ, सिम बदलायची धास्ती, अशा वेळी इथल्याच कंपनीचा पॅक घ्यावा, हे मला मान्य आहे. एकाच सिमवर कॉल, एसएमएस, डेटा सगळं मिळतं. पॅकमध्ये तुमचे देश आहेत का, हे तिथेही तपासायचंच. चीनला जाणाऱ्यांना तर मी रोमिंगच घ्यायला सांगेन. रोमिंगचा डेटा फिरून आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडतो, त्यामुळे तिथल्या सिमवर बंद असलेलं गुगल आणि व्हॉट्सॲप रोमिंगवर चालतं.

पण सगळ्यांना एकच मापाचा सदरा शिवू नका, काका. लेकीच्या बाळंतपणासाठी पाच-सहा महिने अमेरिकेला निघालेल्या आईनं दहा-दहा दिवसांचे पॅक एकामागून एक घेतले, तर खिशाला केवढी चाट बसेल! तिनं लेकीच्या फॅमिली प्लॅनवर एक नंबर जोडून घ्यावा आणि इथलं सिम ओटीपीपुरतं जागं ठेवावं. प्रीपेड असेल तर परतीच्या तारखेपर्यंत व्हॅलिडिटी भरून ठेवावी. शिकायला जर्मनीला गेलेल्या मुलानंही तिथलंच सिम घ्यावं. आणि पुतण्यानं अमेरिकेहून आणलेला आयफोन असेल तर आधी त्याची कड बघा. 2022 च्या आयफोन 14 पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिम घालायची खाचच नसते. तो फोन घेऊन दुकानातलं प्लास्टिकचं सिम विकत घेणं व्यर्थ.

पॅकच्या जाहिरातीतला 'अनलिमिटेड' हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. रोजची मर्यादा संपली की नेट इतकं रांगतं की नकाशाही उघडत नाही. विमानातलं आणि क्रूझवरचं नेटवर्क तर बहुतेक पॅकमध्ये धरलेलंच नसतं. बोट किनारा सोडते तशी फोन विमान मोडवर टाकायची सवय लावून घ्या.

'कुठल्याही ॲपवरून सिम घ्यायला सांगता' हा तुमचा टोलाही योग्य आहे. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. जानेवारी 2024 मध्ये याच कारणावरून दोन नावाजलेली ई-सिम ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली. मी लेखात विक्रेत्याच्या परवानगीबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. आता लिहिलं आहे. स्वित्झर्लंडचं वाक्य आणि रोमिंगचा परिच्छेदही आज दुरुस्त केला.

नोव्हेंबरात सिंगापूर-मलेशियाला जाताय, म्हणून तेवढं सांगते. दोन्ही देशांची नावं स्पष्ट लिहिलेला एकच पॅक घ्या, नुसता सिंगापूरचा नको. सिंगापूरच्या वुडलँड्सहून मलेशियातल्या जोहोरला जाणारा पाण्यावरचा रस्ता जेमतेम किलोमीटरभराचा आहे, दोन्ही बाजूंचे टॉवर फोनला दिसतात. आणि काकूंच्या फोनवर वेगळा पॅक घ्या. तुमच्या हॉटस्पॉटवर त्यांचा फोन चालवायचा विचार लिहिलायत, तो कृपया सोडून द्या. बाजारात तुम्ही दहा पावलं पुढे गेलात की त्यांचं नेट जाणार.

काकूंच्या फोनचं मॉडेल कळवा. त्यात ई-सिम चालतं का ते पाहून सांगते. किंवा डायल पॅडवर *#06# दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी म्हणून 32 आकडी नंबर दिसला तर चालतं.