चाळीस माणसांची बस आणि सहा सीटांची जिप्सी

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याच घरचे. बाकीच्यांत गाईड आहेत, रिसॉर्टात कामाला जाणारी पोरं आहेत, एक निवृत्त गुरुजीही आहेत. मेसेज थोडक्यात असा: "भारताने चिनी पर्यटकांना व्हिसा खुला केला. चीननेही भारताला गट-सहलींच्या यादीत घेतलं. थायलंड, कोरिया या गटांवरच श्रीमंत झाले. आता सरकारने फक्त मधले नियम काढावेत, की बसच्या बस ताडोबाच्या दारात. एक बस म्हणजे चाळीस माणसं, चाळीस माणसं म्हणजे चाळीस घरांची चूल. नियम म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. पुढे पाठवा."

मी पुढे पाठवला नाही. आमचं गाव ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटच्या बाजूला, बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात. घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही होमस्टे चालवतो आणि पुतण्या सफारीची उघडी गाडी, म्हणजे जिप्सी चालवतो. पाहुणा आला तर आमच्याकडे भाजीत तेल जरा सढळ पडतं. त्यामुळे पाहुणा नको म्हणणारा माणूस मी नव्हे. पण या मेसेजात खरं आणि खोटं असं कालवलंय की निवडताना तांदळातले खडे बरे वाटावेत.

खरं आहे ते आधी मान्य करतो. चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा देणं भारताने २४ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू केलं. ऑक्टोबरअखेर कोलकाता ते ग्वांगझू थेट विमानही सुरू झालं. आणि चीनने कोरोनानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये ज्या ७८ देशांसाठी गट-सहली मोकळ्या केल्या, त्यांत भारत होता. मेसेजाचा पाया इथवर पक्का आहे.

आता "नियम काढा, गट येतील". लिहिणाऱ्याला वाटतं की गट आधीपासून तयार उभा आहे आणि नियम त्याला फाटकात अडवतोय. चीनच्या बाबतीत तर गट जन्मतोच नियमातून. कोणत्या देशाला गट न्यायचा हे तिथलं सरकार ठरवतं, यादी काढतं, आणि परवाना असलेल्या एजन्सीलाच ती सहल विकता येते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड १९९९ मध्ये या यादीत आले, आणि ते करारानेच. ऑस्ट्रेलियानेही आपल्या बाजूला मंजूर ऑपरेटर ठरवले, त्यांना आचारसंहिता लावली, पाहुण्याला दुकानांत कसं फिरवायचं यावरसुद्धा बंधनं घातली. तैवानने २००८ मध्ये चिनी गटांना दार उघडलं तेव्हा दिवसाला ३,००० माणसं आणि गटात १० ते ४० जण अशी मर्यादा होती. एकट्याने फिरायला येणाऱ्यांना २०११ पर्यंत थांबावं लागलं. दक्षिण कोरियाने २९ सप्टेंबर २०२५ पासून चिनी गटांना व्हिसामाफी दिली, तीही तिघांपेक्षा कमी असतील तर नाही. बाजार समितीत अडत्याला परवाना लागतो तसाच हा बाजार आहे. परवाना काढून टाका म्हणणाऱ्याने आधी बाजार कुणी भरवला ते पाहावं.

मेसेजात थायलंडचं नाव आहे, म्हणून तिथलं जरा सविस्तर सांगतो. आमच्या पोटाचा प्रश्न खरा तिथेच आहे.

थायलंडमध्ये "शून्य रुपयांच्या सहली" नावाचा प्रकार फोफावला होता. एजन्सी पाहुण्याला सहल इतक्या कमी दरात विकते की विमान आणि हॉटेलचा खर्चही निघू नये. मग हा तोटा कोण भरतो? तिकडचा गाईड आणि ऑपरेटर डोक्यामागे पैसे देऊन गट जणू विकत घेतात, आणि ते वसूल करायला पाहुण्यांना दागिने, रबरी उशा, औषधं यांच्या ठरलेल्या दुकानांत तासन् तास बसवतात. दुकानातल्या बिलात कमिशन असतं. बस ठरलेली, जेवण ठरलेलं, दुकान ठरलेलं, आणि पैसा बहुतेक त्याच साखळीत फिरतो. रस्त्याकडेला खानावळ चालवणाऱ्या बाईला बसच्या काचेतून फक्त चेहरे दिसतात. ज्याने कधी उधार बियाणं घेऊन कापूस त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर घातलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

विशेष म्हणजे हे थांबवायला दोन्ही सरकारांना कायदाच हाती घ्यावा लागला. चीनचा पर्यटन कायदा १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाला. त्याच्या ३५ व्या कलमाने अवाजवी कमी दराची सहल विकून खरेदीच्या कमिशनवर कमाई करायला बंदी घातली. थायलंडने २०१६ मध्ये अशा कंपन्यांवर धाडी टाकल्या. गाईडचं काम थाई नागरिकालाच करता येतं असा नियम तिथे आहे. पळवाट अशी निघाली की परवान्यासाठी एक थाई गाईड बसमध्ये नुसता बसवायचा आणि बोलायचं काम बाहेरच्याने करायचं. बसलेल्याला बसल्याचे पैसे. उद्या आपल्या गेटवर हे होणार नाही असं कुणी छातीठोक सांगेल का?

आणि व्हिसा काढला की माणूस येतोच, हेही थायलंडनेच खोटं ठरवलं. मार्च २०२४ पासून चीन आणि थायलंडमध्ये व्हिसा लागत नाही. त्या वर्षी सुमारे ६७ लाख चिनी पर्यटक आले. २०२५ च्या जानेवारीत एका चिनी अभिनेत्याला थायलंडमार्गे म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यावर नेल्याची बातमी पसरली, आणि त्या वर्षी संख्या जोरात घसरली. व्हिसाचा नियम तोच होता, भीती नवी होती.

एक घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या एजंटाने आमच्याकडे अठरा जणांचं जेवण सांगितलं. देशीच पाहुणे, विदेशी नव्हे. दर त्यानेच ठरवला, आमच्या नेहमीच्या दराच्या निम्म्याहून थोडा वर. "पुढे ग्रुपमागून ग्रुप येतील," म्हणाला. माझ्या बायकोने पहाटे चारला उठून भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली, वरून झुणका. पाहुणे खूश झाले, फोटो काढून गेले. पैसे तीन महिन्यांनी आले, तेही कापून. पुढचा ग्रुप अजून रस्त्यातच आहे.

आता चाळीस चुलींचा हिशेब. ताडोबाच्या जिप्सीत सहा पर्यटक बसतात, सोबत चालक आणि गाईड. चाळीस माणसांना सात जिप्स्या लागतील आणि सात गाईड. प्रत्येक गेटवर एका फेरीत किती गाड्या सोडायच्या हे ठरलेलं आहे, बुकिंग ऑनलाइन आहे, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ते आधीच भरलेलं असतं. म्हणजे एक बस आली तर एका गेटचा मोठा वाटा तीच खाणार आणि नागपूर-वर्ध्याहून लेकरांना घेऊन येणारा माणूस बाहेर राहणार. मुक्कामाचं पाहिलं तर चाळीस जण एका ठिकाणी ठेवण्याची ऐपत आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घरांत नाही. ते जातील मोठ्या रिसॉर्टात. मग चाळीस चुली कुठे पेटल्या? एकच पेटली, तीही गॅसची आणि रिसॉर्टवाल्याची. (चिनी लोकांची मोठी सुट्टी १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगलही त्याच दिवशी उघडतं, हा योग मात्र मेसेजवाल्याच्या नजरेतून सुटला. मी त्याच्या जागी असतो तर हाच मुद्दा आधी लिहिला असता.)

कोरियाचं उदाहरण तर मेसेजवाल्याने स्वतःच्या पायावर दगड मारून घ्यावा तसं घेतलंय. २०१६ मध्ये तिथे ८० लाखांवर चिनी पर्यटक आले होते. कोरियाने अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरवलं, चीनला ते खटकलं, आणि मार्च २०१७ मध्ये चीनमधल्या एजन्सींनी कोरियाच्या गट-सहली विकणं बंद केलं. त्या वर्षीचा आकडा ४२ लाखांच्या आत आला. पालाऊ हा पॅसिफिकमधला चिमुकला देश. तिथले जवळपास निम्मे पर्यटक चिनी होते. पालाऊ तैवानला मान्यता देतो म्हणून २०१७ मध्ये त्याचे गटही आटले, आणि पुढच्या वर्षी चीनला जाणारी तिथली विमानसेवा थांबली. तैवानमध्ये २०१५ ला ४१ लाखांवर चिनी आले होते. २०१६ मध्ये तिथे सरकार बदललं आणि २०१७ पर्यंत ते २७ लाखांवर आले. गट एका सरकारच्या सहीने येतो आणि त्याच सहीने थांबतो. भारत-चीन सीमेवर २०२० मध्ये काय झालं ते आठवा आणि मग सांगा, कर्ज काढून वीस खोल्या बांधायच्या का? एकेकट्याने येणारा पाहुणा रुसला तर एक खोली रिकामी राहते. एका देशाचे गट रुसले तर बँकेचा हप्ता थकतो.

उरला पोटावर पाय. ताडोबात गाईडशिवाय सफारी होत नाही. हा नियम नसता तर गावातली पोरं आज कुठे असती? पुण्याला कंपनीत, नाहीतर चंद्रपुरात हमालीला. गेटवर गाईड पाळीपाळीने लागतो, त्यामुळे गोडबोल्या आणि गप्प बसणारा दोघांनाही दिवस मिळतो. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे उतरले होते. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली, पण मार्गदर्शक तत्त्वांसह. कोअरचा वीस टक्क्यांपर्यंतच भाग पर्यटनाला, हे तेव्हाचंच. त्या वेळी शिव्या देणाऱ्यांत मीही होतो. आज पुतण्याची जिप्सी चालते ती वाघ टिकला म्हणून.

भूतानने दुसरी वाट धरली. पर्यटकाकडून रात्रीमागे शुल्क घेतात: भारतीयांना १,२०० न्गुल्त्रुम, इतरांना १०० डॉलर. इतरांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये ते २०० डॉलर केलं होतं. ते फार झालं असं दिसल्यावर वर्षभराने निम्म्यावर आणलं. नियमही चुकतो, तो दुरुस्त करायचा असतो. दरवाजाच उपटून न्यायचा नसतो.

मेसेजवाल्याच्या एका रागाशी मात्र मी सहमत आहे. विदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, ज्याला आम्ही सी-फॉर्म म्हणतो. नोंद असावी, त्यावर वाद नाही. पण आमच्या गावात नेटवर्क असतं पाण्याच्या टाकीजवळ. गेल्या हिवाळ्यात एक जर्मन जोडपं आलं होतं. त्यांचे पासपोर्ट घेऊन मी रात्री नऊला टाकीखाली उभा होतो, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात टॉर्च, कान रानाकडे. फोटो अपलोड व्हायला चाळीस मिनिटं लागली. रिसॉर्टवाल्याकडे हेच काम काउंटरवर दोन मिनिटांत होतं. नियम सगळ्यांना सारखा लागू असला तरी त्याचा भार सारखा पडत नाही. यावर मेसेज काढा, मी शंभर जणांना पाठवतो.

आणि मागायचंच असेल तर नियम वाढवून मागा. गट आलाच तर एका गेटवरच्या फेरीत त्याला किती गाड्या मिळतील याला मर्यादा असावी. गटातल्या काही जणांचा मुक्काम गावच्या होमस्टेत असावा. गाईड गावचाच, आणि नुसता बसणारा नव्हे तर बोलणारा. भाषा येत नाही म्हणता? मग दुभाषा सोबत आणा, आमच्या पोराची जागा घेऊ नका. आणि पैसा एजंटाकडून तीन महिन्यांनी नको, मुक्कामाच्या आधी हवा.

हे सगळं मी गुरुजींना फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग चिनी आले त घेशीन का नाही?"

"घेईन ना गुरुजी. पण सहा-सहानं, अन् पैसे पहिले."