अंधारात मोबाइल उघडणाऱ्यांची काय म्हणून गय करायची?

न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, म्हणजे अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्ज या प्रायोगिक चित्रपट जपणाऱ्या आणि दाखवणाऱ्या संस्थेत, मुद्दाम तिकीट काढून येणाऱ्या माणसाला तासभरसुद्धा मोबाइल खिशात ठेवता येऊ नये, याचा मला मनस्वी संताप येतो. मूकपट चालू असतो, सभागृहात चिडीचूप शांतता असते आणि नेमका पुढच्या रांगेतला कोणीतरी मोबाइल गुडघ्यापाशी धरून अंगठ्याने संदेश वरखाली सरकवत बसतो. खाली धरला म्हणजे कोणाला दिसत नाही, अशी यांची ठाम समजूत असते. प्रत्यक्षात त्या निळसर उजेडात त्याची हनुवटी, शेजारच्या माणसाचा कोट आणि पुढच्या खुर्चीची पाठ असे सगळे लख्ख उजळते, आणि पडद्यावरची नजर नको तिथे खेचली जाते.

हे इथे घडावे, ही तर हद्द झाली. १९७० साली ही संस्था लाफायेट स्ट्रीटवर सुरू झाली, तेव्हा ऑस्ट्रियन चित्रपटकार पीटर कुबेल्का यांनी तिच्यासाठी संपूर्ण काळे चित्रपटगृह रचले होते आणि प्रेक्षकाला पडद्याखेरीज काहीच दिसू नये म्हणून खुर्च्याखुर्च्यांमध्ये आडोसे घातले होते. त्याच कुबेल्कांचा १९६० मधला ‘आर्नुल्फ राइनर’ हा लघुपट निव्वळ काळ्या आणि पांढऱ्या चौकटींचा (फ्रेम्सचा) आहे. काळी चौकट चालू असताना कोणी मोबाइल उघडला, तर तो चित्रपटाचा तेवढा तुकडा सरळ पुसून टाकतो, आणि तो पुसण्याचा अधिकार त्याला कोणीही दिलेला नाही.

संस्थेचे एक संस्थापक जोनास मेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये न्यायालयाची ही जुनी इमारत शहराकडून विकत घेतली; पैसे उभे करून तिथे दोन चित्रपटगृहे सुरू व्हायला १९८८ साल उजाडले. एवढा खटाटोप ज्या अंधारासाठी झाला, तो अंधार एका फुटकळ संदेशापायी नासवायचा आणि कोणी हटकले तर वर आपणच डोळे वटारायचे, हा निर्लज्जपणा आहे. घरी रडणारे मूल असेल, कोणी आजारी असेल, तर खुशाल उठून बाहेर जावे, कोणीही ब्र काढणार नाही. खुर्चीत बसून मोबाइल चाळणाऱ्याला मात्र मी यापुढे प्रत्येक वेळी, तिथल्या तिथे, तो बंद करायला सांगणार आहे.