चूक काढता येणारी गोष्ट

टोरोंटोच्या कॉलेज स्ट्रीटवरील लिलियन स्मिथ वाचनालयाच्या दाराशी पंख असलेल्या दोन पशूंचे पुतळे आहेत. त्यांतला एक गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या धडाचा आहे. त्यांच्यामधून आत गेले की वर तिसऱ्या मजल्यावर लेखिका ज्युडिथ मेरिल यांच्या १९७० सालच्या देणगीतून वाढलेला संग्रह आहे. त्यात विज्ञानकथा आणि अद्भुतकथा शेजारी शेजारी राहतात, पण संग्रहाच्या नावात हे दोन शब्द वेगळेच लिहिलेले आहेत.

हे सांगण्याचे कारण असे की, बडोद्यात दांडिया बाजारातले आमचे वाचक मंडळ सध्या मुलांसाठी विज्ञानकथांची यादी करत आहे आणि मी इथून व्हिडिओवर त्या बैठकांना हजर असतो. मंडळातले सर्वांत ज्येष्ठ काका म्हणतात की, पुष्पक विमान ही आपली आद्य विज्ञानकथा आहे. एका ताईंचे म्हणणे याच्या उलट आहे: अद्भुत ते सारे बाळबोध, म्हणून यादीत पुराणातले काहीच नको. मला दोन्ही मते पटत नाहीत.

माझ्या मते या दोन प्रकारांतला भेद यान आणि गालिचा यांच्यातला नाही. ज्या गोष्टीत वाचकाला चूक काढता येते, ती विज्ञानकथा. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८६५ सालच्या कादंबरीत माणसांना ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे पाठवले, आणि गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड सांगितला. हे आकडे दिले म्हणूनच आज बारावीचा विद्यार्थीही गणित करून सांगू शकतो की, त्या तोफेत प्रवाशांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२ हजार पट भार आला असता आणि ते सुटतानाच मेले असते. कल्पना चुकली, पण ती तपासता येईल अशा रीतीने मांडलेली होती. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९०१ सालच्या कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ कल्पिला, तेव्हा आपण भौतिकशास्त्राला धरून लिहितो आणि हे मात्र नसलेला धातू शोधून काढतात, अशी तक्रार व्हर्न यांनी केली. मला इथे वेल्स यांची बाजू घ्यावीशी वाटते, कारण तो पदार्थ एकदा मानल्यावर त्याच्यावरची हवासुद्धा वजन गमावून वर उसळेल, हा परिणाम त्यांनी टाळलेला नाही.

अद्भुतकथेत अशी चूक निघत नाही, पण म्हणून ती सैल असते असे कोण म्हणेल? महाभारतातला कच आठवावा. दैत्य त्याला जाळून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांना पाजतात. आता तो बाहेर यायचा तर गुरूचे पोट फाटणार, आणि गुरू वाचायचे तर पोटातल्या शिष्यालाच संजीवनी विद्या शिकवावी लागणार. त्या विद्येचे रसायन काय, असे आपण विचारत नाही; पण कच गुरूच्या मरणाशिवाय बाहेर आला असता, तर आपली फसवणूक झाली असे वाटले असते. इतकी काटेकोर रचना बाळबोध नव्हे, हे ताईंना मी पुन्हा सांगेन.

काकांच्या आग्रहामागचा अभिमान मला परदेशात राहून अधिकच कळतो. आपल्याकडे काय होते, असे इथे कोणी विचारले की उत्तर मोठे असावेसे वाटते. तरीही पुष्पकाला विज्ञानकथा म्हटले की त्याचे इंधन कोणते, वेग किती, हे प्रश्न लागू होतात, आणि ते न मागितलेल्या परीक्षेत नापास ठरते. बसणारे कितीही वाढले तरी ज्यात जागा उरते असे विमान मला लहानपणी आजीने सांगितले. त्याचे वैभव त्या प्रश्नांच्या पलीकडचे आहे.

अभिमानासाठी मराठीत दुसरी जागा आहे. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपली आद्याक्षरे उलटी करून. ओळखीचा लाभ नको, कथा कथेच्या बळावर तपासली जावी, ही वृत्ती मला या साहित्यप्रकाराच्या फार जवळची वाटते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

पुढच्या बैठकीसाठी मी दोन रकान्यांची यादी पाठवली आहे. पहिल्यात ‘कृष्णविवर’ आणि व्हर्न यांची तोफ आहे, तिच्यापुढे वेग आणि लांबीचे आकडेही लिहिले आहेत, म्हणजे मुलांना स्वतः गणित करता येईल. दुसऱ्याच्या आरंभी कच आणि त्याखाली पुष्पक आहे. काकांनी अजून होकार दिलेला नाही.