जुन्या गाड्यांच्या ऑइलविषयी खुलासा

जळगाव, धुळे, भुसावळकडील ग्रुपांवर ‘ॲम्बॅसेडर, पद्मिनीत ०डब्ल्यू-२० ऑइल घाला, इंजिन नव्यासारखे होईल’ असा संदेश फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. ०डब्ल्यू-२० हा अतिशय पातळ ऑइलचा ग्रेड आहे. या इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सपाट टॅपेटवर (व्हॉल्व्हकडे ढकल पोचवणाऱ्या भागावर) घासत फिरतो, त्याला ऑइलमधील झिंक-फॉस्फरसच्या थराचे संरक्षण लागते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारा भाग) जपण्यासाठी २००४ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ‘एसएम’ दर्जापासून अशा पातळ ऑइलमधील फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखला आहे. शिवाय झिजलेल्या बेअरिंगमध्ये पातळ ऑइलचा दाब टिकत नाही. ‘०डब्ल्यू’चा, म्हणजे गारठ्यातही ऑइल पातळ राहण्याचा, फायदा कडाक्याच्या थंडीतला, खानदेशच्या उन्हाळ्यात तो कशाला? सिंथेटिक ऑइल मुळात वाईट नाही, प्रश्न ग्रेडचा आहे. गाडीच्या पुस्तिकेतील ग्रेड पाहावा. ती नसल्यास सहसा २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० योग्य ठरते. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.