५० किलो आणि एक चांदणी

काल दुपारी एका बाईंनी लिंबू सरबताचा ग्लास परत माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "दादा, हे गरम करून देता का तुम्ही?" दुकानात आठ गिऱ्हाईकं होती, आठही हसली, मग मीपण हसलो, काय करणार, धंदा आहे.

सोलापूर, मे महिना, ४२ डिग्री आणि बर्फाच्या मशीनच्या तळाला एक तांब्या भरेल एवढे क्यूब. सकाळी बरं चालतं, बारा वाजले की गप्प. मला वाटायचं तापून ट्रिप होतंय.

आता काका. हे माझे नातेवाईक नाहीत आणि गिऱ्हाईक तर नाहीतच नाहीत (तीन वर्षांत एक सरबत, तेही बिनसाखरेचं, आणि साखर नाही म्हणून दोन रुपये कमी दिले). रिटायर्ड इंजिनीअर. बारा ते चार पंख्याखालची खुर्ची त्यांची. काल बाई गेल्या तसे ते उठले, मशीनचं झाकण उघडलं आणि आत तोंड घालून म्हणाले, "गॅस गेला."

"काका, झाकण लावा. बर्फ विरघळतो."

"का? आत गार असतंय की."

"खाली गार करायची सोय नसते काका, नुसता थर्माकोलच्या डब्यासारखा डबा आहे तो. बर्फ वर होतो."

"मग हा फ्रीज नाही?"

"नाही."

"मग तू फसलास."

दहा मिनिटांनी परत झाकण. "अर्थिंग बघ." मग "व्होल्टेज." मग "आमच्या प्लांटमध्ये असंच झालं होतं." हा प्लांट सिमेंटचा, साखरेचा की कसला हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण तिथे सगळं असंच व्हायचं आणि काकाच दुरुस्त करायचे. पूर्वी मी बर्फाची लादी घ्यायचो, पोरगा हातगाडीवर गोणपाटात गुंडाळून आणायचा, पोचेपर्यंत पाव लादी रस्त्याला वाहून जायची, पण त्या लादीसाठी कधी मेकॅनिक बोलवावा लागला नाही.

शेवटी मी स्वतः मागची जाळी उघडली. शेजारी पिठाची गिरणी आहे, कंडेन्सरवर (मशीनची गरमी बाहेर टाकतो तो भाग) ज्वारीच्या पिठाचा असा थर बसलेला की पाणी मारलं असतं तर भाकरी थापता आली असती. जुन्या टूथब्रशनं तासभर घासलं. काका बसल्या जागेवरून "डावीकडं राहिलं, डावीकडं" करत होते.

तरी मशीन गप्पच. मेकॅनिक आला. पान्याला हात लावायच्या आधी म्हणाला, "मालक, व्हिजिटिंगचे सहाशे होतील." मग झाकण उघडून कोपरात हात घातला आणि एक स्टीलची बाटली बाहेर काढली. अर्धी भरलेली, आत दगडासारखा बर्फ.

"ही कुणाची? ही तांब्याची नळी दिसतेय ना, हिला बर्फ टेकला की मशीनला वाटतं डबा भरला, आणि ते थांबतं. ही बाटली हिच्यावर रेलून बसलीय."

"अरे, माझी ती," काका म्हणाले. "रात्रभर घरच्या फ्रीजरला लावतो आणि इथं आलो की तुझ्यात ठेवतो, गारवा टिकतो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. बघ, मी म्हणत होतो ना, मशीनमध्ये दोष नाहीच."

हा माणूस दोन तासांत तीन दोष सांगून बसला होता!

आणि एवढं होऊनही मेकॅनिक जाता जाता म्हणाला, "दिवसाला पन्नास किलो बर्फ धरू नका, तीस निघाले तरी खूप." म्हटलं, डब्यावर तर ५० लिहिलंय. त्यानं माहितीपत्रकावरच्या ५० शेजारची बारकी चांदणी दाखवली. खाली मुंगीएवढ्या अक्षरात: हवा २१ डिग्री, पाणी १० डिग्री. अहो, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि मधले दिवस ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत उकळत बसतं. १० डिग्रीच्या एका ग्रॅम पाण्याचा बर्फ करायला ९० कॅलरी काढाव्या लागतात, ४० डिग्रीच्या पाण्यातून १२०, हे दहावीचं गणित आहे, मला विकणाऱ्याला येत नव्हतं का? विकताना तो चहा पिऊन गेला माझ्याकडचा, चांदणीबद्दल चकार शब्द नाही. मशीनचा हप्ता मात्र पूर्ण ५० किलोचा जातो.

आज बाराला काका आले, बाटलीसकट. म्हणाले, "काळजी करू नको, आता डावीकडं ठेवतो, तिकडं तुझी नळी नाही."