‘बिचारी एडिथ’ आणि विसरलेली मिसेस ड्रू

‘डाउन्टन ॲबी’ या ब्रिटिश मालिकेविषयीचा एक मजकूर गेले काही महिने मोबाईलवरून इतक्या वेळा माझ्यापर्यंत आला आहे, की मालिका न पाहिलेल्या माझ्या भावालाही त्यातले दावे तोंडपाठ झाले आहेत. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: इस्टेटीचा मालक अर्ल रॉबर्ट याच्या तीन मुलींपैकी थोरली लेडी मेरी पाषाणहृदयी आहे; मधली एडिथ निष्पाप असून तिने कधी कोणाचे वाकडे केले नाही; मेरीला सगळे आयते मिळाले; आणि लेखक ज्युलियन फेलोज यांनी सहाही पर्वे एडिथवर अन्याय करून मेरीला पाठीशी घातले. 2010 ते 2015 या काळात दाखवलेले सगळे 52 भाग मी दोनदा पाहिले आहेत, दुसऱ्यांदा फोंड्याला आतेच्या घरी तिच्यासोबत, आणि यातला एकही दावा मला जसाच्या तसा मान्य नाही.

पाषाणहृदयी असल्याचा पुरावा म्हणून पहिला भाग पुढे केला जातो. एप्रिल 1912 मध्ये टायटॅनिक बुडते, तिच्यासोबत इस्टेटीचा वारस आणि त्याचा मुलगा पॅट्रिक बुडतात, आणि पॅट्रिकशी गुपचूप लग्न ठरलेली मेरी रडत नाही. पण ते लग्न इस्टेट घरात राहावी म्हणून ठरले होते, हे मजकूर सांगत नाही. आपल्याला वाटायला हवे तेवढे दुःख वाटत नाही आणि याचेच आपल्याला दुःख होते, असे मेरी स्वतःच बोलून दाखवते. खोटे रडणे तिला सहज जमले असते. तिने ते केले नाही, एवढाच तिचा गुन्हा.

‘आयते मिळाले’ हा दावा मात्र गोव्यातल्या माणसाने करावा याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. पहिल्या पर्वात वारसाहक्काचा उलगडा झाला तेव्हा आतेने रिमोट हातात घेऊन मालिका थांबवली. “म्हणजे तीन-तीन मुली असून घर जाणार मँचेस्टरच्या त्या वकिलाला? आणि आईच्या माहेरचा पैसासुद्धा?” असे तिने विचारले, आणि तिला ते पटेना. पटणार तरी कसे? आपल्याकडे पोर्तुगीजांचा 1867 चा नागरी कायदा 1870 पासून लागू आहे. त्यानुसार मुलगा-मुलगी सारखेच वारस ठरतात, बापाला आपल्या वाट्याची निम्मी मालमत्ता मुलांना डावलून मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, आणि वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. आमच्या आजोबांच्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणी, झाली तेव्हा लग्न होऊन गेलेल्या दोन्ही आत्या आपल्या नवऱ्यांसह सह्या करायला आल्या होत्या, आणि त्यांच्या सहीशिवाय एक पोफळही कोणाच्या नावावर झाली नसती. अशा घरात वाढलेल्या बाईला मेरीची आई कोरा हिचा माहेरचा अमेरिकन पैसा तिच्या स्वतःच्या मुलींच्या हातून कायमचा सुटतो, हे कथानकातले ओढूनताणून आणलेले वळण वाटले. ते तसे नाही. फेलोज यांच्या पत्नी किचनर घराण्यातल्या. या पत्नीचे काका, म्हणजे त्या घराण्यातले शेवटचे अर्ल, 2011 मध्ये वारले तेव्हा ही पुतणी हयात असूनही केवळ बाई असल्यामुळे किताब तिच्याकडे आला नाही आणि तो संपुष्टात आला. लेखकाच्या घरातलेच हे दुखणे आहे.

मेरीला इस्टेटीत जो वाटा मिळतो तो मुलगी म्हणून नव्हे, विधवा म्हणून मिळतो. मँचेस्टरचा तो वकील मॅथ्यू पुढे तिचा नवरा होतो; तो मोटार अपघातात गेल्यावर त्याचे एक पत्र सापडते, त्यात त्याने आपला वाटा तिच्या नावे केलेला असतो, आणि बापाला हे पचायला वेळ लागतो. त्यानंतर ती इस्टेटीचे काम शिकते. चौथ्या पर्वात नव्याने आणलेली डुकरे पाण्याचे भांडे लवंडून तहानेने मरायला टेकलेली असतात, तेव्हा रात्रीच्या जेवणासाठी घातलेल्या उंची पोशाखातच ती चिखलात उतरून बादल्या वाहते आणि मग चिखलाने माखलेल्या तोंडाने स्वयंपाकघरात पाहुण्या ब्लेकला अंडी करून वाढते. याला आयते म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

आता निष्पाप एडिथ. तुर्की पाहुणा पामुक मेरीच्या खोलीत मेल्याचे प्रकरण तुर्की राजदूताला पत्राने कळवणारी एडिथच. बहिणीचे नाव लंडनभर कुजबुजीत जाईल हे तिला ठाऊक होते आणि तेच तिला हवे होते. मेरीने त्याचा सूड घेतला, एडिथला मागणी घालायला आलेल्या सर अँथनीला खोटेनाटे सांगून परत पाठवले, हेही खरे. या हिशेबात दोघी सारख्याच कर्जबाजारी आहेत. सहाव्या पर्वात न्याहारीच्या टेबलावर एडिथशी लग्न ठरलेल्या बर्टीसमोर मॅरिगोल्डचे, म्हणजे एडिथच्या लग्नाआधीच्या मुलीचे, गुपित फोडणाऱ्या मेरीची वकिली मी करणार नाही. मात्र मेहुणा टॉम ब्रॅन्सन त्यावरून तिला जे सुनावतो ते लेखकाचेच बोलणे आहे, त्यामुळे ‘पाठीशी घातले’ हा आरोप त्याच प्रसंगात निकालात निघतो. शिवाय एडिथला शेवटी काय मिळते ते मोजावे: लंडनमधले मासिक, मुलगी, आणि बापाहूनही वरच्या किताबाचा नवरा.

लेखकाचा अन्याय शोधायचाच असेल तर तो इस्टेटीतल्या यू ट्री फार्म या शेतावर सापडेल, आणि नेमका तिथेच हा मजकूर गप्प आहे. ड्रू हे इस्टेटीचे पिढीजात कूळ. ड्रूच्या बापाची थकबाकी फेडायला रॉबर्टने पैसे उसने दिले, त्या उपकाराखाली दबलेला ड्रू एडिथचे मूल घरात आणतो आणि बायकोला सांगतो की हे वारलेल्या मित्राचे मूल आहे. मिसेस ड्रू त्या मुलीला पोटच्या पोरीसारखी वाढवते. लेडीबाई वरचेवर का येतात हे तिला कळत नाही. नवऱ्यावर डोळा आहे की काय, असा तिला संशय येतो. मग एके दिवशी एडिथ जन्माचा दाखला घेऊन दारात उभी राहते आणि मूल घेऊन जाते. त्याआधी एका स्विस कुटुंबाकडूनही तिने हेच मूल असेच परत आणलेले असते. त्या प्रसंगात कॅमेरा आणि संगीत आपल्याला एडिथच्या बाजूला ओढत असताना आते मात्र पडद्यावरच्या दुसऱ्याच बाईकडे पाहत होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मुलीसमोर मुंडकाराच्या, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, बायकोने किती आवाज चढवायचा, हे 1964 च्या कूळ कायद्याआधीचा आणि 1975 च्या मुंडकार कायद्याआधीचा गोवा पाहिलेल्यांना शिकवावे लागत नाही.

सहाव्या पर्वात मिसेस ड्रू प्रदर्शनाच्या गर्दीतून मॅरिगोल्डला उचलून घरी नेते, आणि मालिका तिला वेडसर ठरवून मोकळी होते. ड्रू कुटुंबाने शेत सोडावे असे रॉबर्ट सभ्य शब्दांत सुचवतो आणि ड्रू ते मानतो. एडिथ कधीच कोणाचे वाकडे करत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पाहावा. ड्रू मंडळी गाडीत सामान भरून कुठे गेली, याच्यामागे मालिका जात नाही; रिकाम्या झालेल्या यू ट्री फार्मवर स्वयंपाकघरातली मदतनीस डेझी हिचा सासरा मिस्टर मेसन राहायला येतो, आणि प्रेक्षकाने डेझीसाठी आनंदित व्हावे अशी अपेक्षा असते. आते आनंदित झाली नाही. मेसन नव्या स्वयंपाकघरात चहा पीत होता तेव्हा ती चूल पाहून म्हणाली, “ही त्या बाईची चूल ना?”