अस्सलबरहुकूम नक्कल

गेल्या शुक्रवारी मी एका अकरा वर्षांच्या मुलाकडून हरलो. हरण्याचे मला फारसे वाईट वाटलेले नाही. वाईट याचे वाटते की पराभवाचा निकाल शेजारच्या खुर्चीत शेंगदाणे सोलत बसलेल्या त्याच्या आजोबांनी, तोही मराठीत, वाचून दाखवला.

सिअ‍ॅटलजवळच्या ज्या रेंटन गावात मी राहतो, तेथेच 'मॅजिक: द गॅदरिंग' हा 1993 सालचा पत्त्यांचा खेळ काढणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आहे. आजोबा सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेले, आणि आयुष्यभर तहसील कचेरीच्या नक्कल विभागात बसलेले.

माझ्यापुढे ट्रोल असेटिक होता. मूळचा तीन-दोनचा, म्हणजे ताकद तीन आणि सहनशक्ती दोन असलेला हा राक्षस, त्यावर मी तीन काउंटर (दोन्ही आकडे एकेकाने वाढवणाऱ्या खुणा) म्हणून काचेचे मणी ठेवल्यामुळे सहा-पाचचा झाला होता, आणि प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही मंत्राचे तो टार्गेट होऊ शकत नाही, असे त्याच्या 2003 सालच्या पत्त्यावर स्पष्ट छापलेले होते. मुलाने क्लोन टाकला आणि शांतपणे म्हणाला, "मी तुमचा ट्रोल कॉपी करतो." मी टेबलावर हात आपटून हरकत घेतली.

"साहेब," आजोबा शेंगदाण्याचे टरफल बशीत ठेवत म्हणाले, "टार्गेट हा शब्द तुमच्या पत्त्यावर आहे. त्याच्या पत्त्यावर दाखवा."

मी क्लोन वाचला. रणांगणावरील कोणत्याही प्राण्याची प्रत म्हणून यावे, एवढेच त्यावर लिहिले होते.

"कोणत्याही, असे आहे. कोणाला उद्देशून, असे नाही. नोटीस बजावली असती तर तुमची हरकत ऐकली असती. नोटीसच नाही, तर हरकत कशावर घेता?"

मी म्हणालो, निदान कोणाची नक्कल करणार हे आधी सांगायला हवे होते, म्हणजे मला काही करता आले असते. विजेच्या मंत्राचे लक्ष्य टाकतानाच जाहीर करावे लागते, म्हणून त्यावर उत्तर देता येते. क्लोन मात्र मैदानात उतरतानाच निवड करतो, आणि निवड कळेपर्यंत मध्ये तोंड घालण्याची वेळ गेलेली असते. अडीचशेहून अधिक पानांच्या नियमावलीत हे सर्व आहे, आणि ती मी वाचलेली नाही, हे मी येथे कबूल करतो. पण आजोबांनीही वाचलेली नव्हती, ही खरी चीड आहे. त्यांनी फक्त पत्ता वाचला होता.

मग मी समाधान मानले की त्याचाही ट्रोल सहा-पाचचा झाला, म्हणजे फिट्टंफाट. मुलाने मान हलवली. आजोबांनी माझ्या मण्यांकडे बोट दाखवले. "ही पेन्सिलीची नोंद. सातबाऱ्यावर पेन्सिलीने काही खरडले असेल, ते नकलेत येते का? नक्कल छापील मजकुराची. अस्सलबरहुकूम." तर त्याचा ट्रोल तीन-दोनचा. मला क्षणभर बरे वाटले, कारण माझ्या हातात मर्डर होता, जो टार्गेट केलेल्या प्राण्याला थेट नष्ट करतो.

मी तो पत्ता उचलला. आजोबांनी खोकून घसा साफ केला.

छापील मजकूर नकलेत येतो, आणि माझ्या राक्षसाचे अभयदान छापीलच होते. आता ते त्या मुलाच्या राक्षसालाही लागू झाले होते, माझ्याविरुद्ध. पैसे मोजून घेतलेले कवच शत्रूने फुकट घालून यावे, असा हा प्रकार. शिवाय माझा ट्रोल चालून गेला की त्याचा ट्रोल आडवा येई, दोन 'माना' (या खेळातले मंत्रबळाचे चलन) भरून पुन्हा उभा राही, आणि तोवर त्याचा एक क्षुद्र पक्षी माझे उरलेले नऊ प्राणगुण, जे संपले की खेळ संपला, दरवेळी एक-एक करून टिपत राहिला. नऊ फेऱ्या! स्पर्धेत बाहेरच्याने खेळाडूला मदत करणे निषिद्ध असते, हे मी चौथ्या फेरीला बोलून दाखवले, तेव्हा "मी मदत तुम्हालाच करतोय, साहेब, शिकवणी समजा," असे उत्तर मिळाले. शिकवणी कोणी मागितली होती?

शेवटी पत्ते गोळा करताना आजोबांनी माझ्या हातातला न वापरलेला मर्डर घेतला, चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला.

"अर्ज उत्तम आहे," ते म्हणाले. "खिडकी चुकली."